वचनाची वाटणी

एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्षारंभीच्या पालकसभेत जाहीर केले की, यंदा दहावीचा निकाल सत्तर टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर नेऊ, तर सभेत टाळ्या पडतात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत उपस्थित होतो. गणितात अडखळणारी मुले किती आणि इंग्रजीत किती? जादा तास कोणी घ्यावयाचे? ते कोणत्या महिन्यापर्यंत पुरे करावयाचे? त्यासाठी लागणारा खर्च कोठून यावयाचा? आणि सहामाहीनंतर प्रगती तपासावयाची कोणी? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मुख्याध्यापकांचे वचन फळ्यावरच्या सुविचारासारखे असते. ते वाचून सर्वांना बरे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी ते पुसले जाते.

मी व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे हा शाळेतला दाखला दिला. आजचा विषय मात्र फार मोठ्या शाळेचा आहे. हवामानातील बदल रोखण्यासाठी आपल्या देशाने जगाला काही वचने दिली आहेत. त्या वचनांची वीज, रेल्वे, कारखाने, शेती आणि शहरे यांमध्ये वाटणी कशी होते, कोठे ती नीट झाली आहे आणि कोठे अडली आहे, हे आज आपण पाहू.

प्रथम मूळ वचन समजून घेऊ. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांतला कर्बाम्ल वायू, हवेत साठत जातो. पृथ्वीवरून बाहेर जाऊ पाहणारी उष्णता तो अडवून धरतो आणि त्यामुळे जगाचे सरासरी तपमान वाढते. यावर उपाय करण्यासाठी १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे जगातील राष्ट्रांनी एक करार संमत केला. या कराराची रीत अशी की, प्रत्येक राष्ट्राने आपापल्या शक्तीनुसार आपले वचन आपणच ठरवावयाचे आणि ठराविक काळाने ते वाढवीत न्यावयाचे. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशी, या करारास औपचारिक मान्यता दिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारून दिलेल्या भारताच्या वचनात मोजता येण्याजोग्या दोन मुख्य गोष्टी आहेत. पहिली, एक रुपयाचे राष्ट्रीय उत्पन्न निर्माण करताना जेवढे वायू हवेत सोडले जातात, ते प्रमाण २०३० पर्यंत २००५ च्या मानाने ४५ टक्क्यांनी कमी करावयाचे. दुसरी, वीज निर्माण करण्याची जी एकूण क्षमता देशात उभी असेल, तिचा निम्मा भाग कोळसा, तेल वा वायू यांवाचून चालणारा असावा. याखेरीज झाडे व जंगले वाढवून २५० ते ३०० कोटी टन कर्बवायू जादा शोषून घेण्याचे २०१५ चे वचन कायम राहिले. या सर्वांच्या पलीकडे २०७० हे दूरचे वर्ष आहे. त्या वर्षी हवेत सोडले जाणारे आणि हवेतून शोषले जाणारे वायू समसमान व्हावेत, असा संकल्प नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर करण्यात आला.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. पहिले वचन प्रमाणाविषयी आहे, एकूण बेरजेविषयी नाही. घरात माणसे वाढली, पाहुणे वाढले, तर दळण एकूण जास्तच लागणार. पण माणशी नासाडी कमी करता येते. विकसनशील देशाने असेच वचन देणे न्याय्य आहे, अशी आपली भूमिका आहे. २००५ ते २०२० या काळात हे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले, असे भारताने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अहवालात म्हटले आहे. प्रगती खरी आहे. तथापि प्रमाण घटत असताना एकूण बेरीज वाढत राहू शकते, आणि हवेला केवळ बेरीज कळते, हेही तितकेच खरे.

आता वाटणीकडे वळू. त्याच अहवालाप्रमाणे २०२० साली देशात जे वायू हवेत सोडले गेले, त्यांपैकी सुमारे ७६ टक्के ऊर्जेच्या वापरातून आले. म्हणजे वीजघरे, वाहने, कारखान्यांच्या भट्ट्या आणि घरोघरच्या चुली यांतून. शेती व पशुपालन यांचा वाटा सुमारे १४ टक्के, कारखान्यांतील रासायनिक प्रक्रियांचा सुमारे ८ टक्के आणि कचरा व सांडपाणी यांचा अडीच टक्क्यांच्या आसपास. राष्ट्राचे वचन एक असले, तरी धूर सोडणारी नळकांडी अशी वेगवेगळ्या अंगणांत आहेत. म्हणून प्रत्येक अंगणात तेच पाच प्रश्न विचारावे लागतात: काम कोणी करावयाचे, किती, केव्हापर्यंत, कोणाच्या पैशाने, आणि मोजणार कोण?

सर्वांत मोठे अंगण विजेचे. येथे वाटणी स्पष्ट होती आणि तिचे फळही दिसले. जून २०२५ अखेर देशाची वीजनिर्मितीची एकूण क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट होती आणि तिच्यातील निम्मा भाग सूर्य, वारा, पाणी, जैविक इंधन व अणुशक्ती यांचा होता. म्हणजे २०३० साठी दिलेले वचन पाच वर्षे आधीच पुरे झाले. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ साली लिलाव झाला, तेव्हा पहिल्या वर्षीचा दर युनिटला तीन रुपयांखाली उतरला. त्या प्रकल्पाच्या विजेचा एक हिस्सा दिल्लीची मेट्रो घेते. वडोदऱ्याजवळ नर्मदेच्या कालव्यावरच सौरपट्ट्यांचे छप्पर घालून १० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यायोगे जमीन वाचते आणि पाण्याचे बाष्पीभवनही काही अंशी कमी होते.

परंतु क्षमता आणि निर्मिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजेरीपटावर नाव असणे वेगळे आणि विद्यार्थी वर्गात बसलेला असणे वेगळे. सौरपट्ट्यांची हजेरी दिवसापुरती. सूर्य मावळला की गावोगावचे दिवे, पंखे व स्वयंपाकघरे एकाच वेळी वीज मागू लागतात, आणि तेव्हा कोळशावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणूनच २०२३-२४ या वर्षी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवणे, हे आता या क्षेत्राचे खरे गणित आहे. त्याची एक जुनी व भरवशाची रीत म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी उंचावरील तलावात चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. अशा साठ्यांची आणि मोठ्या बॅटऱ्यांची संख्या वाढल्यावाचून हजेरीपटावरील निम्मी नावे वर्गात येणार नाहीत.

दुसरे अंगण रेल्वेचे. आपल्या देशात विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्यास गेली. पुढील नव्वद वर्षांत रुळांचा जेमतेम एक-तृतीयांश भाग विजेखाली आला होता. त्यानंतरच्या एका दशकात उरलेला बहुतेक सर्व भाग आला. आपल्या कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा, बोगद्यांनी व पुलांनी भरलेला मार्ग २०२२ साली पूर्णपणे विद्युत् मार्ग झाला. मडगावच्या फलाटावर डिझेलच्या धुराचा वास ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना हा फरक सांगावयास नको. येथे पाचही प्रश्नांची उत्तरे होती. खाते एक, मार्ग ठरलेला, मुदत ठरलेली, पैसा अंदाजपत्रकातला, आणि मोजमाप किलोमीटरचे. काम झाले याचे हेच कारण.

तरीदेखील या उदाहरणात एक धडा आहे. इंजिनाचा धूर गेला, म्हणजे धूर नाहीसा झालाच असे नाही. ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल, तर धूर मडगावहून उठून दूरच्या एखाद्या चिमणीत गेला, इतकेच. एका अंगणातील यश असे दुसऱ्या अंगणातील कामावर अवलंबून असते. यासाठीच रेल्वेने स्वतःच्या सौर व पवन विजेच्या योजना हाती घेतल्या आणि निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०३० हे वर्ष ठरविले.

तिसरे अंगण कारखान्यांचे. येथे हजारो मालक, निरनिराळी यंत्रे आणि निरनिराळे वय. सर्वांना एकच आकडा लावणे अन्यायाचे झाले असते. म्हणून २०१२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने एक योजना सुरू केली. औष्णिक वीज, पोलाद, सिमेंट, खत, ॲल्युमिनियम, कागद, कापड आणि क्लोर-अल्कली या आठ उद्योगांतील ४७८ कारखाने निवडण्यात आले. प्रत्येकाला त्याच्याच मागील कामगिरीवरून पुढील तीन वर्षांचे उद्दिष्ट ठरवून देण्यात आले. हुशार विद्यार्थ्याने पंचाण्णवचे शहाण्णव करावेत आणि मागे असलेल्याने चाळीसचे पंचावन्न, अशी ही पद्धत. जो उद्दिष्टापेक्षा जास्त ऊर्जा वाचवील त्याला प्रमाणपत्रे मिळावयाची, आणि जो कमी पडेल त्याने ती बाजारात विकत घ्यावयाची.

पहिल्या फेरीत उद्दिष्टाहून अधिक बचत झाली. सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवावयाची होती. प्रत्यक्षात ती सुमारे ८७ लाख टन झाली. मग उणीव कोठे राहिली? उद्दिष्टे सौम्य होती. सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे मिळविली गेली आणि कमी पडलेल्यांना लागली सुमारे १४ लाख. माल उदंड आणि गिऱ्हाईक थोडे, तेव्हा भाव पडणारच. आणि भाव पडला की अधिक बचत करणाऱ्याचा उत्साहही मावळतो. परीक्षा फार सोपी काढली तर निकाल चांगला लागतो, पण विद्यार्थी पुढे जात नाही, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

या अनुभवावरून पुढील पाऊल टाकण्यात आले. २०२२ साली ऊर्जा संवर्धनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बनच्या देशी बाजाराची योजना जाहीर झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद व क्लोर-अल्कली या उद्योगांतील कारखान्यांना प्रत्यक्ष वायू-उत्सर्जनाचीच उद्दिष्टे नेमून देण्यात आली. आता प्रश्नपत्रिका किती कठीण निघते, यावर सारे अवलंबून आहे. सिमेंटचे उदाहरण घेतले तर अडचण समजेल. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कर्बवायू बाहेर पडतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. भट्टीचे इंधन बदलून हा भाग कमी होत नाही. त्यासाठी वीजघरातील राख किंवा पोलाद कारखान्यातील मळी मिसळून भाजलेल्या चुनखडीचे प्रमाणच कमी करावे लागते.

चौथे अंगण शेतीचे, आणि तेथे फार जपून पाऊल टाकावे लागते. महाराष्ट्रात व सीमाभागात शेतकऱ्याला पंपासाठी वीज बहुधा पाळीने मिळत आली आहे, आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. माघातल्या थंडीत, हातात विजेरी घेऊन, सापकिरडाच्या भीतीत उसाला पाणी द्यावयास जाणारा माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. या योजनेत शेतकऱ्याला वायूंचा हिशेब शिकवावा लागत नाही. त्याला दिवसा पाणी देता येते आणि रात्री झोप मिळते. हवामानाचे काम आणि माणसाच्या सोयीचे काम एकच झाले की ते टिकते. मात्र वीज स्वस्त व मुबलक झाल्याने विहिरीचा तळ लवकर गाठला जाणार नाही, याची काळजी त्याच योजनेत घेतली पाहिजे.

शेतीचे दुसरे उदाहरण बेळगाव आणि कोल्हापूरच्या वाचकांना जवळचे आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत आधी २०३० होती. ती अलीकडे आणून २०२५ मध्ये ते प्रमाण गाठण्यात आले. साखर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, उसाची देणी चुकती करावयास हातभार लागला आणि तेलाची आयात काहीशी घटली. पण ऊस हे तहानलेले पीक आहे. २०२३ साली पाऊस कमी झाला, तेव्हा साखर टंचाईच्या भीतीने त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारला निर्बंध घालावे लागले. इंधनाचे खाते एका दिशेने जात असता पाणी आणि अन्न यांचा हिशेब दुसऱ्या वहीत राहिला, तर असे होते. वाटणी करताना भावाभावांनी एकत्र बसून वह्या ताडून पाहाव्या लागतात.

पाचवे अंगण शहरांचे आणि घरांचे. येथे सर्वांत सोपे यश दिव्यांचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली. त्यामुळे खरेदीचा दर ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला. पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. लोकांना उपदेश करण्याऐवजी चांगली वस्तू स्वस्त करून देणे किती परिणामकारक असते, हे त्यातून दिसले.

इंदूरकरांनी याहून कठीण काम केले. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय त्यांनी अंगी बाणवली. ती सवय होती म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो जैविक वायू करण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू होऊ शकला. त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालतात. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, इंदूर महापालिकेने जनतेकडून २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे उभारले. नर्मदेचे पाणी जलूदहून शहरापर्यंत चढविण्यास जी प्रचंड वीज लागते, तिच्यासाठी ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा हा त्यांचा हेतू. "कोणाच्या पैशाने?" या प्रश्नाला एका नगरपालिकेने दिलेले हे उत्तर आहे. तेलंगण राज्याने २०२३ साली शीत छपरांचे धोरण जाहीर केले. सरकारी इमारतींवर आणि ६०० चौरस यार्डांहून मोठ्या घरांवर उष्णता परावर्तित करणारे छप्पर बंधनकारक करावे, असे त्यात आहे. हैदराबादच्या वैशाखातील उन्हाळा ज्यांनी पत्र्याखाली काढला आहे, त्यांना या छपराची किंमत कळेल. ते छप्पर लहान घरांवर केव्हा पोचते, हा मात्र खरा कसोटीचा प्रश्न आहे.

आता या वाटणीतील अवघड वाटा. चंद्रपूर, सिंगरौली, कोरबा अशा भागांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कोळशावर संसार केले आहेत. खाणीतील मजूर, मालमोटारीचा चालक, गेटाबाहेरचा चहावाला, खाणीच्या वसाहतीतील शाळा, हे सारे त्या एका काळ्या दगडाच्या आधारावर उभे आहे. राष्ट्राचे वचन पाळताना त्यांचा आधार काढून घेतला आणि दुसरा दिला नाही, तर ते वचन आपण त्यांच्या खात्यातून फेडले असे होईल. गिरणी बंद झाल्यावर गिरणगावाचे काय झाले, हे मराठी माणसाला नव्याने सांगावयाची गरज नाही. खाण बंद होण्याच्या आधी दहा-पंधरा वर्षे नव्या धंद्याची, नव्या शिक्षणाची तयारी त्याच जिल्ह्यात सुरू व्हावी लागते. वरील पाच प्रश्नांत म्हणून सहावा प्रश्न मिळविला पाहिजे: यात कोणाची भाकरी जाते, आणि त्याला आपण काय देणार?

हाच न्यायाचा प्रश्न राष्ट्राराष्ट्रांतही आहे. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून समृद्धी मिळविली, त्यांनी तंत्रज्ञान व स्वस्त भांडवल द्यावे, या अपेक्षेने भारताने विजेविषयीचे आपले वचन दिले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी डॉलर विकसनशील देशांसाठी उभे करावेत, असे ठरले. भारताच्या प्रतिनिधींनी ही रक्कम अपुरी असल्याचे तेथेच सांगितले. त्यांचे म्हणणे रास्त होते. तथापि दुसऱ्याने आपला वाटा उचलला नाही म्हणून आपल्या अंगणातील उन्हाळा थांबत नाही, हेही विसरून चालणार नाही.

तात्पर्य असे की, जेथे जबाबदार खाते, आकडा, मुदत, पैसा आणि मोजणी या पाच गोष्टी एकत्र आल्या, तेथे काम पुढे गेले. रेल्वे आणि दिवे ही त्याची उदाहरणे. जेथे आकडा सौम्य ठरला वा दोन खात्यांच्या वह्या जुळल्या नाहीत, तेथे काम रेंगाळले. म्हणून यापुढे वर्तमानपत्रात हवामानाविषयी एखादी मोठी घोषणा वाचली, की तिच्याखाली हे प्रश्न मांडून पाहावेत. आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातही ते विचारता येतात: पाणी चढविण्यास वीज किती लागते, ओला कचरा कोठे जातो, शाळेच्या पत्र्याखाली दुपारी किती तपते? हे प्रश्न विचारण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

आज चौथीच्या वर्गात बसलेली मुले २०७० साली पन्नाशी ओलांडलेली असतील. ज्या वचनाची मुदत त्या वर्षी भरते, ते त्यांच्या नावाने पण त्यांना न विचारता दिलेले आहे. त्याचा पहिला हप्ता मात्र आपल्या हयातीतच देय आहे, आणि तो आपणच भरला पाहिजे.